आरोग्य हक्काचा कायदा झाला, भार मात्र सरकारी रुग्णालयांवरच

जयपूर : आणीबाणीतील रुग्णावर आगाऊ पैसे न घेता उपचार करणे बंधनकारक करणारा आरोग्य हक्क कायदा राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी संमत केला. असा कायदा करणारे राजस्थान हे देशातील पहिले राज्य ठरले. मात्र त्याची व्याप्ती दोनच आठवड्यांत आकसली.

खर्चाची भरपाई कशी मिळणार, या प्रश्नावरून खासगी डॉक्टरांनी आंदोलन छेडले. खासगी सेवा विस्कळीत होताच सवाई मानसिंह रुग्णालयासारख्या सरकारी संस्थांवरील ताण वाढला. ४ एप्रिलच्या समझोत्यानुसार ५० पेक्षा कमी खाटांची खासगी मल्टिस्पेशालिटी रुग्णालये, तसेच सरकारी सवलतीची जमीन वा इमारत न घेतलेली रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. परिणामी, पैसे नसलेल्या रुग्णाची वाट पुन्हा सरकारी रुग्णालयाकडेच वळते.

जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले होते. त्या कर्तव्याला भरपाईची हमी देणे हा या कायद्याचा गाभा होता. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर मात्र सरकारचा भर आरोग्य विमा योजनेवर राहिला. विमा संलग्न रुग्णालयातील बिल भागवतो. प्रत्येक रुग्णालयाचे दार उघडण्याची सक्ती करत नाही. ही सक्ती आणि भरपाई यांची सांगड घातल्याशिवाय सरकारी अपघात विभागांतील गर्दी ओसरणे कठीण आहे.