ताटली उसाची, पोतं प्लास्टिकचं

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

प्लास्टिकबंदीच्या कारवाईचे फोटो पुन्हा यायला लागलेत. टेबलावर जप्त केलेल्या पिशव्यांचा ढीग, मागे पथक, आणि कडेला खाली मान घालून उभा असलेला भाजीवाला नाहीतर भेळवाला. 23 मार्च 2018 ला राज्याची अधिसूचना निघाली, तेव्हापासून हाच फोटो बघतोय, फक्त माणसं बदलतात. पहिल्यांदा सापडलात तर 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांची कैद. पुढे 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर केंद्रानेही बंदी आणली. म्हणजे कायदा कमी पडला असं म्हणायला जागा नाही.

बंदीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांतून काय निघालं ते सगळ्यांनी पाहिलंय. प्रश्न वेगळाच आहे. भेळवाल्याच्या हातातली डिश काढून घेतली, तर त्या जागी कुठली द्यायची, ती कोण बनवणार, आणि त्याला परवडेल अशी कशी मिळणार? हे ठरवायचं काम आपण त्या भेळवाल्यावरच टाकून मोकळे झालो. बरं, ज्यापासून ती डिश बनते त्याचे डोंगर आपल्याच राज्यात दर हिवाळ्यात उभे राहतात.

मी उसाच्या पट्ट्यातला. एका सहकारी साखर कारखान्याचा सभासद. आमच्याकडे गुऱ्हाळावर चिपाडं वाळवून चुलवाणात घालायची पद्धत, आणि कारखान्यातही तेच मोठ्या प्रमाणावर चालतं. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या वर ऊस गाळला जातो. म्हणजे जवळपास तीन कोटी टन ओला बगॅस. यातला बराचसा कारखान्याच्या स्वतःच्या बॉयलरला लागतो, तो कुणी मागूही नये. पण चांगला बॉयलर असेल तर बगॅस शिल्लक राहतो, आणि तोही आपण जाळतोच. वीज करून विकतो.

वीज करण्यात वाईट काही नाही. फक्त सरकारचा हात कुठे आहे ते बघा. सहवीज प्रकल्पांना वीज खरेदीचे करार मिळाले, भागभांडवल मिळालं. पुढे निविदा पद्धत आली, दर उतरले, कारखाने अडचणीत आले, तर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने युनिटमागे दीड रुपया अनुदान मंजूर केलं. म्हणजे तंतू जाळायचा असेल तर सरकार पैसे देतं. त्याच तंतूची ताटली करणाऱ्याला मात्र सांगितलं जातं, बाजारात उतरा आणि प्लास्टिकशी दराने भांडा. कसा भांडणार? बगॅस घालवायचा की नाही हे कारखाना विजेच्या दरावरून ठरवतो. वीज महाग घेतली गेली की बगॅस महाग, बगॅस महाग की ताटली महाग, आणि ताटली महाग की भेळवाला गुपचूप जुन्या मालाकडे. त्याच्याकडून पाच हजारांची पावती फाडून ही साखळी तुटत नाही.

ताटली होते कशी, तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की चिपाड दाबलं की झाली डिश. आधी बगॅसमधला आतला मऊ, भेंडासारखा भाग काढून टाकावा लागतो, कारण त्यात ताकद नसते. उरलेला तंतू कॉस्टिक सोडा घालून शिजवायचा, धुवायचा, पाण्यात पातळ लगदा करायचा. तो जाळीच्या साच्यावर ओढून पाणी काढायचं आणि गरम साच्यात दाबायचा. ओल्या बगॅसच्या एका टनातून, ढोबळ हिशोबाने, दहाएक हजार मध्यम ताटल्या निघाव्यात. पाणी लागतं, रसायन लागतं, सांडपाणी नीट सोडावं लागतं. त्यामुळे हे पत्र्याच्या शेडमध्ये बचत गटाला मशीन देऊन, नारळ फोडून होणारं काम नाही. लगदा मोठ्या ठिकाणी व्हावा आणि साच्यात दाबायचं काम गावोगावी व्हावं, हे मात्र जमण्यासारखं आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. तामिळनाडू सरकारची कागद कंपनी टीएनपीएल 1980 च्या दशकापासून करूर जिल्ह्यात बगॅसपासून कागद करते. साखर कारखान्यांना वाफ पुरवायची आणि बदल्यात त्यांचा बगॅस घ्यायचा, अशी त्यांची व्यवस्था. (ती वाफ कोळशावर केली तर पर्यावरणाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. म्हणूनच मी शिल्लक बगॅसबद्दलच बोलतोय.) अयोध्येतली एक कागद गिरणी 2017 पासून बगॅसची भांडी ‘चक’ नावाने विकतेय. महाराष्ट्रात ऊस कमी आहे की काय?

आता जरा आपल्याच घरातलं. ज्या उसाच्या तंतूवर आपण एवढ्या गप्पा मारतो, त्याच उसाची साखर कशात भरून बाहेर पडते? पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यात. 1987 चा कायदा आहे, तागाच्या पोत्यांच्या सक्तीचा. त्याखाली धान्य शंभर टक्के आणि साखर 20 टक्के तागात भरायची असे आदेश निघतात. साखर उद्योगाची त्यावर कुरकुर कायमची: पोतं महाग, धागे साखरेत येतात, ओल धरते. यातली काही कारणं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण मग भेळवाल्याची कारणंही खरी धरा की! त्याचीही डिश महाग होते, त्याचीही चटणी गळते. त्याला दंड, आणि इथे मात्र निवेदनं नि शिष्टमंडळं.

आणि तागाचं पोतं वेळेवर न मिळण्याची किंमत शेतकऱ्याने मोजलीय. 2024-25 च्या हंगामात हमीभावाची सोयाबीन खरेदी चालू असताना केंद्रांवर बारदानाच नव्हता. माल घेऊन आलेली माणसं ट्रॉल्या लावून ताटकळली. ताग पिकतो मुख्यतः पश्चिम बंगालात, गिरण्याही तिकडेच. सक्तीचा कायदा असूनही पुरवठ्याचा आगाऊ हिशोब नसेल तर काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

‘इको’ लिहिलेल्या प्रत्येक वस्तूवर विश्वास ठेवू नका, हेही सांगायला हवं. चहाचा कागदी कप आतून बहुधा प्लास्टिकच्या पातळ थराचाच असतो, म्हणून तर चहा गळत नाही. तंतूच्या ताटलीत तेल झिरपू नये म्हणून पीएफएएस गटातली रसायनं वापरली जायची. ती निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात. डेन्मार्कने 2020 मध्ये कागदी अन्नवेष्टनात ती बंद केली, अमेरिकेत 2024 पर्यंत अन्नवेष्टनासाठी त्यांची विक्री थांबली. आपल्याकडे पॅकेटवर हिरवं पान छापलेलं असतं, पण आत काय लावलंय ते छापलेलं नसतं. सरकारला सक्ती करायचीच असेल तर आधी ही करावी.

आणि हो, जिथे स्टीलचं ताट धुऊन पुन्हा वापरता येतं तिथे उसाची ताटलीसुद्धा नको. लग्नाच्या हॉलमध्ये पाणी आहे, माणसं आहेत, मग फेकायची डिश कशाला? पळसाच्या पत्रावळीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. तिला ना बॉयलर लागतो ना कॉस्टिक, आणि पैसे पानं वेचणाऱ्या बाईच्या हातात जातात.

माझी मागणी साधी आहे. एसटी स्थानकांवरचे स्टॉल, सरकारी कँटीन, यात्रांमधलं अन्नदान, जिथे फेकायची डिश टाळताच येत नाही तिथे राज्याने तीन वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी. वीज खरेदीचे करार झाले तसेच हे. त्या हमीवर बँक कर्ज देईल, लगद्याचा एखादा कारखाना उभा राहील, माल वाढला की दर उतरेल. मग खुशाल दंड करा.

सप्टेंबरमध्ये आमच्या कारखान्याची वार्षिक सभा आहे. अहवालात सहवीजनिर्मितीचं पान असतंच. त्या पानावर उभं राहून मी दोन गोष्टी विचारणार आहे: शिल्लक बगॅस किती टन होता आणि कुणाला, कोणत्या दराने दिला, आणि गेल्या हंगामात किती साखर तागाच्या पोत्यात भरली. तुमच्यापैकी जे कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत त्यांनी आपापल्या सभेत हेच विचारा. उत्तरं आली की इथे टाका, मीही टाकतो.