महाराज असो, फादर असो की मौलवी : लहानपणीच्या अत्याचाराची फिर्याद उशिरानेही देता येते

एखाद्या पोरीने किंवा पोराने घरी येऊन सांगितलं की अमक्या महाराजांनी, बाबांनी आपल्याशी वाईट चाळे केले, तर ती गोष्ट पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जात नाही. आधी घरातच दाबली जाते. तिथून फुटली तर चार शहाण्या माणसांची बैठक बसते. ‘देवाच्या माणसावर आळ घेऊ नका’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’, ‘गावाचं नाव जाईल’ ही वाक्यं ठरलेली. पोर गप्प बसतं. दहा-पंधरा वर्षांनी त्याला बोलावंसं वाटलं तर लोक म्हणतात, आता काय उपयोग, मुदत संपली.

ही शेवटची समजूत बहुतेक वेळा चुकीची आहे. आणि बैठकीत मिटवणाऱ्यांना जे माहीत नसतं ते असं, की मिटवणं हाच एक गुन्हा ठरू शकतो.

जोधपूरचा निकाल काय सांगतो

आसारामचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलंय. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला तब्येतीच्या कारणावरून काही काळाचा जामीन दिला, तेव्हा बऱ्याच जणांचा समज झाला की तो निर्दोष सुटला. तसं नाही. २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने दुसऱ्या एका महिलेच्या प्रकरणात पुन्हा जन्मठेप दिली.

जोधपूर प्रकरणातली मुलगी १६ वर्षांची होती, उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरची. शिकायला होती नागपूरच्या पलीकडे छिंदवाड्याच्या आश्रमशाळेत. बाप स्वतः आसारामचा भक्त. मुलीला बाधा झाली आहे असं आईबापाला कळवलं गेलं आणि उपचार म्हणून तिला जोधपूरजवळच्या आश्रमात नेलं गेलं. ऑगस्ट २०१३ ची ही घटना. फिर्याद दिली दिल्लीत. घटना राजस्थानातली, फिर्याद दिल्लीतली, तरी ती घ्यावीच लागली. याला झिरो एफआयआर म्हणतात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे ठाण्याचं उत्तर कायद्यात बसत नाही.

त्या निकालात फक्त आसारामला शिक्षा झाली नाही. वसतिगृहाची वॉर्डन आणि आश्रमशाळेचा संचालक यांनाही जोधपूर न्यायालयाने प्रत्येकी २० वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणजे हात लावणारा एक असला तरी पोराला तिथपर्यंत पोचवणारेही आरोपी होतात.

याची किंमतही मोठी होती. आसारामविरुद्ध बोलणाऱ्या तीन साक्षीदारांचे खून झाले. हल्ल्यातून वाचलेल्या एका साक्षीदाराने इतरांसह सुप्रीम कोर्ट गाठलं, आणि त्यातून डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू झाली. आज कुणाला धमकी येत असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. गावातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

घरचे फितूर झाले, कागद फितूर झाला नाही

दुसरं प्रकरण केरळातलं, कोट्टियूर गावचं. तिथल्या चर्चच्या फादरने एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. तिला मूल झालं. सुरुवातीला मुलीच्या बापानेच दोष स्वतःवर घेतला होता, यावरून दबाव केवढा असेल ते कळतं. खटल्यात मुलगी आणि आईवडील, सगळेच फिरले. मुलगी त्या वेळी १८ वर्षांवरची होती असं सांगू लागले.

तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये तलश्शेरीच्या न्यायालयाने फादरला २० वर्षांची शिक्षा दिली. कशाच्या जोरावर? मुलीच्या जन्माची नोंद आणि बाळाची डीएनए तपासणी. पुढे हायकोर्टाने शिक्षा १० वर्षांवर आणली, पण दोष कायम ठेवला. मध्यंतरी ‘आम्ही लग्न करतो, सोडा’ अशी मागणी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. ‘लग्न लावून द्या, विषय संपवा’ हा आपल्याकडचाही जुना तोडगा आहे. कोर्टाने त्याला दार उघडलं नाही.

मुंबईतही असा खटला झाला. शिवाजीनगर भागातल्या चर्चमध्ये २०१५ साली १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याबद्दल विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये फादरला जन्मठेप सुनावली. तिथे पीडित मुलगा होता, हे लक्षात घ्यावं. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. १८ वर्षांखालचं कुणीही बालक. आणि धर्माचाही भेद करत नाही. केरळातल्याच तळिपरंबा न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका मदरशाच्या शिक्षकाला १८७ वर्षांची शिक्षा सुनावली. ‘आमच्याच धर्माच्या मागे लागलेत’ असं प्रत्येक बाजूचे लोक म्हणतात. निकाल बघितले तर तसं दिसत नाही.

उलट धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने तिथल्या बालकावर अत्याचार केला तर पोक्सो त्याला जास्त गंभीर गुन्हा मानतो. १६ ऑगस्ट २०१९ नंतरच्या घटनेत, बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार असेल तर कमीत कमी २० वर्षे आणि जास्तीत जास्त फाशीपर्यंत शिक्षा आहे. अंगात देव येतो, दैवी शक्ती आहे असं भासवून शोषण केलं असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही सोबत लावता येतो.

जुनी घटना असेल तर

हा भाग नीट वाचावा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

पोक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. त्या दिवसापासून पुढे घडलेल्या घटनेची फिर्याद द्यायला कायद्यात मुदत नाही. पोर तेव्हा १२ वर्षांचं होतं आणि आज २५ वर्षांचा बाप्या झाला, तरी फिर्याद देता येते. लहानपणी चेन्नईत अत्याचार सोसलेल्या आणि पुढे कॅनडात गेलेल्या एका महिलेने या प्रश्नासाठी पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने, कायदा मंत्रालयाचं मत घेऊन, पीडित व्यक्ती कोणत्याही वयात तक्रार करू शकते असं स्पष्ट केलं.

घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर पोक्सो लागत नाही, कारण नंतर झालेला कायदा मागच्या घटनेला लावून शिक्षा देता येत नाही. पण जुनं भारतीय दंडविधान लागतं. बलात्कार, किंवा मुलाच्या बाबतीत अनैसर्गिक कृत्य, या मोठ्या गुन्ह्यांना मुदत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. अडचण आहे ती विनयभंगाची. त्या काळी त्याला २ वर्षांपर्यंतच शिक्षा होती, म्हणून दखल घ्यायची मुदत ३ वर्षांची. त्यानंतर उशीर माफ करायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, भरवसा देता येत नाही.

मात्र मुदत नसणं वेगळं आणि खटला सोपा असणं वेगळं. उशीर जेवढा जास्त, तेवढे पुरावे विरळ. म्हणून जे आहे ते जपावं. त्या वेळचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, वसतिगृहाची किंवा मठातल्या मुक्कामाची पावती, फोटो, चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद. त्या काळात कुणाजवळ मन मोकळं केलं असेल, मैत्रीण, मामी, शिक्षक, तर त्यांची साक्षही कामाला येते. आजचे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग असतील तर पुसू नयेत. फोन बदलला तरी जुना फोन टाकू नये.

मिटवणाऱ्यांनी हे वाचावं

पोक्सोखाली गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायचं बंधन आहे. ते न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला असेल तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या चालकांवर याच कारणाने गुन्हा दाखल झाला होता.

आपल्याच राज्यातलं आणखी एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. तिथे वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात माहिती न दिल्याबद्दल एका डॉक्टरवर गुन्हा होता. हायकोर्टाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन्ही बाजूंचा समझोता झाला म्हणून असा गुन्हा रद्द होत नाही.

म्हणजे शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या, चार लाख देतो म्हटलं, तरी त्या कागदाने गुन्हा मिटत नाही. उलट तोच कागद सह्या करणाऱ्यांना माहिती होती याचा पुरावा होऊ शकतो.

खोट्या तक्रारीची भीती काही जण घालतात. बदनामीसाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, पण बालकाला नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

ठाण्यात गेल्यावर

पीडित अजून १८ च्या आत असेल तर जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआयने, तेही साध्या कपड्यात. रात्री ठाण्यात बसवून ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करणार. खटला बंद दाराआड चालतो आणि आरोपी समोर येणार नाही याची काळजी कोर्टाने घ्यायची असते.

ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी करून पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि पोस्टाची पावती ठेवावी. तरी हालचाल नाही झाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ऑनलाइन माहितीही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर फोनमध्ये असू द्यावेत. वकील, भरपाई आणि मनोधैर्य योजनेची मदत यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.

आणि व्हॉट्सअॅपवाल्यांसाठी एक. पीडितेचं नाव, फोटो, गावगल्ली फॉरवर्ड करणं हाही गुन्हा आहे. सहानुभूतीने केलं तरी.

कायदा कुठे कमी पडतो

अमेरिकेत अशा पीडितांनी थेट चर्च संस्थांवर दावे लावले. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून जुन्या प्रकरणांसाठी खास मुदत उघडली. लॉस एंजेलिसच्या चर्च संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये १,३५३ जणांसाठी ८८ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

आपल्याकडे संस्थेकडून पैशाची भरपाई मागायचा दिवाणी दावा साधारण वयाच्या २१ व्या वर्षापर्यंतच लावता येतो. त्या वयात किती पोरं आईबापाच्या इच्छेविरुद्ध मठावर दावा लावतील? त्यामुळे माणूस तुरुंगात जातो, पण ज्या संस्थेने त्याला झाकलं ती देणग्या घेत पुढे चालू राहते. शिवाय पोक्सोचा खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असं कायदा म्हणतो. जोधपूरच्या निकालाला साडेचार वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तो देशभर गाजलेला खटला होता.

हे सगळं खरं असलं तरी दार उघडं आहे. ते बंद वाटतं, कारण ते बंद आहे असं घरात आणि बैठकीत सांगितलं जातं. पुढच्या वेळी बैठकीचा निरोप आला तर जाणाऱ्याने एवढंच विचारावं, ‘पोलिसांना कळवलं का?’