कर्जावर पण दशांश लागतो का हो?

थोडं लांब लिहिलंय, वेळ असेल तर वाचा. विषय आमच्या ख्रिस्ती मंडळींचा आहे, पण वर्गणी आणि देणगी कुणाला चुकलीय?

परवा उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात एक ताई भेटल्या. चार घरी धुणीभांडी करतात. आदल्या रविवारी बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी मलाखीचा तिसरा अध्याय काढून ठणकावून सांगितलं होतं, की जो दशांश देत नाही तो देवाला लुबाडतो. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. ताईंनी पोराच्या फीसाठी बचत गटातून वीस हजार उचलले होते. त्यातले दोन हजार पाकिटात घालून अर्पणात टाकले, आणि नंतर शंका आली म्हणून मला विचारलं, "दादा, कर्जाच्या पैशावर पण दशांश लागतो का हो?"

नाही लागत, ताई. मी तेवढं सांगितलं आणि गप्प बसलो. कारण त्या प्रवचनाला मीही पुढच्या बाकावर होतो आणि शेवटी सगळ्यांबरोबर मोठ्याने आमेन म्हणालो होतो.

आता माझं सांगतो. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं मी न चुकता दशांश दिला. हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा, की पीएफ कापायच्या आधीच्या, यावर आमच्या घरी भांडणंसुद्धा झाली आहेत! (बायकोचा मुद्दा बिनतोड होता: आत्ता आधीच्या पगारावर दिला तर रिटायर झाल्यावर पीएफच्या रकमेवर परत देणार का?) मग आई अंथरुणाला खिळली. हातात ५२ हजार. घराचा हप्ता १७ हजार, दिवसभर आईजवळ बसणाऱ्या मावशींचे १० हजार, औषधं, डायपर, दोन पोरांची शाळा. तरी पहिल्या तारखेला ५,२०० बाजूला. पाच महिने असं चाललं. सहाव्या महिन्यात बायकोने मावशींना यायला नको म्हणून सांगितलं आणि स्वतःची शिकवणी बंद करून घरी बसली. मला एका शब्दाने बोलली नाही. माझा दशांश कोण भरत होतं, ते तेव्हा कळलं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्या नगरकडे घरोघरी वाचतात. रेव्हरंड टिळकांचा हात किती सैल होता याचं आपण कौतुक करतो. दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची, ही चिंता मात्र लक्ष्मीबाईंची असायची. तो भाग आपण हसत हसत वाचतो.

प्रवचनात मलाखी येतो. मार्कचा सातवा अध्याय अर्पणाच्या रविवारी मी तरी कधी ऐकला नाही. तिथे येशू परुश्यांना खडसावतो, की आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय असं सांगून तुम्ही त्यांना वाऱ्यावर सोडता. अनुवादाचा चौदावा अध्यायही काढून बघा. मुळात दशांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा होता. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, आणि जमिनीचा वाटा नसलेल्या लेव्यांबरोबर परक्यांनी, अनाथांनी, विधवांनी तो पोटभर खायचा. म्हणजे आमच्या ताई त्या हिशेबात घेणाऱ्यांत बसतात! आपण त्यांना देणाऱ्यांच्या रांगेत उभं करून वर चोर ठरवतो. आणि पौल तर करिंथकरांना स्पष्ट लिहितो, की जेवढं असेल त्या मानाने द्या, मनात ठरवून द्या, कुणाच्या जबरदस्तीने नको.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर काही जण ही पोस्ट फॉरवर्ड करून शंभराची नोट पन्नासावर आणतील. अर्पण मोजायला मी सहा वर्षं बसलोय. कोणत्या रांगेतून काय येतं याचा अंदाज येतो. गाड्या बदलल्या, फ्लॅट झाले, अर्पणाची नोट मात्र कॉलेजात असताना होती तीच. बाकावर क्यूआर कोड चिकटवला तरी फरक नाही. आमच्या पाळकांचा पगार दोन-दोन महिने थकतो आणि त्यांच्याही घरी म्हातारे आईवडील आहेत. मिशनचे डॉलर यायचे दिवस गेले. चर्चचं लाइट बिल आपणच भरायचं आहे. दीड-दोन लाख पगार असणाऱ्याला दहा टक्के जड नाहीत, त्याने पंधरा द्यावेत. ताईंनी दहा रुपये दिले तरी पुष्कळ झाले.

आमच्या घरी आता असं ठरलंय. दर जानेवारीत नवरा-बायकोने वही घेऊन बसायचं. आईचा खर्च आणि हप्ता आधी बाजूला काढायचा. राहील त्याचा दहावा हिस्सा द्यायचा. यंदा तो २,००० येतो. त्यातले १,२०० चर्चला, ८०० गल्लीतल्या एका मुलीच्या क्लासला. आई होती नव्हती तेवढी ताकद लावून माझ्यावर रागावली, तिला हे पटलेलं नाही. तिच्या पेन्शनचा दशांश ती अजून वेगळ्या पाकिटात देते. देऊ दे. तो तिचा हक्क.

राहिला हिशेब. आमची मंडळी नोंदणीकृत विश्वस्त संस्था आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवणं आणि ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे. ऑडिट होतं, पण वाचतो कोण? उलट वार्षिक सभेत कुणी किती दिलं याची यादी नावानिशी वाचली जाते. मी तीन ठराव लिहून दिलेत: यादी वाचणं बंद करा, जमाखर्च मराठीत फलकावर लावा, आणि अर्पणातला ठरावीक भाग मंडळीतल्याच अडलेल्यांसाठी वेगळा काढा. खजिनदार म्हणाले, "आधी तुमचा दशांश पूर्ण करा, मग बोला."

सभा २३ तारखेला आहे. ताईंचे दोन हजार परत द्यावेत, असा चौथा ठरावही मी लिहिला होता. ताईंनीच तो काढायला लावला. म्हणाल्या, "दादा, देवाला दिलेलं परत घेऊन मी झोपेन का?" पोराच्या फीचे दोन हजार मी आणि अजून दोघांनी मिळून शाळेत भरले. त्यांना अजून सांगितलेलं नाही.