थंडीत कालवा कोणाचा?

लंडनच्या कालव्यांवर नावेत राहणाऱ्यांबद्दल दोन समज पक्के आहेत. एक, हे हौशी लोक आहेत. दुसरा, घरभाडे चुकवून शहराच्या मधोमध फुकट राहणारे लोक आहेत. डिसेंबरमधला एक दिवस मी माझ्या कोकणातल्या मित्राच्या नॅरोबोटीवर काढला. तेव्हापासून मला वाटते, हे दोन्ही समज उन्हाळ्यात काठावर उभे राहून करून घेतलेले आहेत.

आपल्याकडे कालवा म्हटले की शेती आठवते. इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खोदले गेले. आम्ही गेलो तो रीजंट्स कालवा १८२० साली पूर्ण झाला. पॅडिंग्टनपासून थेम्सकाठच्या लाइमहाउसपर्यंत तो जातो आणि १२ लॉकमधून सुमारे २६ मीटर खाली उतरतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी हँडल फिरवून पुढच्या झडपा उघडायच्या. पाणी खाली गेले की नावही खाली जाते, मग पुढचे दरवाजे ढकलायचे. हे सगळे प्रवाशानेच हाताने करायचे.

उन्हाळ्यात ही गंमत असते. थंडीत दरवाजाची लाकडी तुळई निसरडी होते आणि हँडल हातमोज्यातूनही बोचते. हौदाच्या तळाशी मागच्या दरवाजापाशी एक उंबरा असतो. उतरताना नावेचा मागचा भाग त्यावर अडकला तर नाव कलंडून बुडू शकते. त्यात सूर्य चारच्या आत मावळतो. जोहर, असर आणि मगरिब चार तासांत येतात आणि त्याच चार तासांत लॉक पार करायचे असतात. कॅम्डेन ते व्हिक्टोरिया पार्क आम्ही सात लॉक उतरलो. अंतर फार नाही, पण दिवस संपला.

मग थंडीत एका जागी का थांबू नये? कारण १९९५ च्या कायद्याप्रमाणे ज्याची स्वतःची कायमची जागा नाही त्याला एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. मूल शाळेत जात असो, नोकरी दुसऱ्या टोकाला असो, नाव हलवावी लागते. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी ठिकठिकाणचे लॉक बंदही असतात. हे फुकट राहणेही नाही. परवाना, विमा, सुरक्षा प्रमाणपत्र, सगळ्याचे पैसे पडतात.

आता पैशाचा प्रश्न. २०१२ पासून हे कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले की २०२७ पासून तिचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होईल. आणि एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या नावांवर जादा अधिभार लागला, तो वर्षागणिक वाढणारा आहे.

माझा आक्षेप इथे आहे. कालवा फक्त नाववाल्यांचा नाही. काठाच्या पायवाटेवर हजारो लोक चालतात, सायकली चालवतात. सेंट जॉन्स वूड ते सिटी रोड या पायवाटेखालून विजेच्या मोठ्या केबल जातात आणि त्या थंड ठेवायला कालव्याचेच पाणी वापरतात. काठावरच्या फ्लॅटची किंमत पाण्याच्या दर्शनाने वाढते. लाभ सगळ्या शहराचा असेल, तर तूट भरून काढायला ज्याच्याकडे काठावर हक्काची जागाही नाही त्याच्याकडे आधी बोट का जावे?

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे. लंडनमध्ये नावा फार वाढल्या, जागा अडतात. थंडीत नावेतल्या शेगड्यांचा धूर समोरच्या खिडकीत जातो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण धुरावर उपाय म्हणजे काठावर वीजजोडण्या आणि गर्दीवर उपाय म्हणजे जास्त जागा. अधिभाराने धूर कमी होत नाही. ज्याला परवडत नाही तो फक्त निघून जातो.

आणि तो गेला तर? लॉक एकदा वापरले की दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली जाते. म्हणून रीजंट्स कालव्यावर दोन नावा शेजारी शेजारी घालून एकदमच उतरतात, अनोळखी माणसासाठी दहा मिनिटे थांबतात. निघताना दरवाजे आणि झडपा बंद आहेत ना, हे पाहतात. गळणारा दरवाजा, पाण्यात पडलेले झाड पहिल्यांदा त्यांनाच दिसते. जानेवारीत हे बघायला दुसरे कोणी नसते.

लोकांनी शहर सोडून जावे इतकी घरे महाग करायची आणि पाण्यावर आसरा घेतला की त्या आसऱ्यावरही अधिभार लावायचा, हा इन्साफ नव्हे. कालव्याचा खर्च त्याचा लाभ घेणाऱ्या सगळ्यांनी, म्हणजे सरकारी तिजोरीने, उचलावा. थंडीत लॉकचे दरवाजे ढकलणारा माणूस आपला वाटा आधीच देतो आहे.