हजेरीची सक्ती कोणावर?

शाळेच्या हजेरीपटावर दोनच गोष्टींची नोंद होते. मूल आलं, किंवा आलं नाही. का आलं नाही, हे लिहायला त्यात रकाना नाही. मग तो रकाना तोंडी भरला जातो. 'दांड्या मारते', 'अभ्यासात लक्ष नाही', 'आईबापांनाच शिक्षणाची गोडी नाही'. वस्तीतल्या आणि गावातल्या महिला गटांच्या बैठकांमधून मुलींच्या शाळेचा विषय निघतो, तेव्हा या तिन्ही वाक्यांचा मला संताप येतो. कारण ज्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सर्वांत जास्त असतात, त्यांच्यातली उनाडक्या करायला गेलेली मुलगी क्वचितच सापडते. शाळेत गैरहजर असलेली मुलगी दुसरीकडे कुठंतरी कामावर हजर असते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते, म्हणून धाकट्याला सांभाळायला ती घरी असते. टँकर येणार म्हणून हंडे घेऊन रांगेत असते. आई बाळंत झाली की आईच्या जागी चुलीपुढे असते. यातलं कुठलंही काम मुलगा करू शकत नाही असं नाही, पण शाळा बुडवायची वेळ आली की पहिल्यांदा मुलीचं दप्तर खुंटीला लागतं. बाईच्या घरकामाला काम म्हणून मोजत नाहीत, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो. तेच न मोजलेलं काम मुलीच्या वाट्याला आलं की शाळेत त्याची 'गैरहजेरी' होते. एकाच कष्टाची घरात नोंद नाही, आणि शाळेत नोंद होते ती गुन्हा म्हणून!

पाळीचा हिशेबही मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी असं म्हटलं आहे. दहावीलाही तेवढेच दिवस धरू. बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे १६५ दिवस. गैरहजेरीला वाव राहिला ५५ दिवसांचा. शाळेच्या संडासाला पाणी नाही, दाराला कडी नाही, कपडा किंवा पॅड टाकायला जागा नाही, म्हणून मुलगी महिन्याचे चार दिवस घरी राहिली, तर दहा महिन्यांत चाळीस दिवस गेले. आजारपण, सुगी, घरातलं बाळंतपण या सगळ्यासाठी तिच्या हातात उरले फक्त पंधरा दिवस. मुलाला पंचावन्न आणि मुलीला पंधरा, आणि नियम मात्र दोघांना सारखाच! संडासाची कडी बसवली नाही म्हणून कोणाला जाब विचारला गेला, असं क्वचितच ऐकू येतं. मुलीला मात्र वर्गात उभं करून विचारलं जातं.

मुलं शाळेत यावीत यासाठी काय करावं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं, पण त्याबरोबरच गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही मागितली. मूल शाळेत गेलं की घरातले दोन कमावते हात कमी होतात, हे त्यांना माहीत होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला. मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पण दंड लावणाऱ्या राजानं शाळांवर आणि वसतिगृहांवर खजिनाही रिता केला, हे विसरून चालणार नाही. नुसता दंड लावायला राजर्षी लागत नाही.

महाराष्ट्र शासनानं १९९२ साली उलटा रस्ता धरला. दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया भत्ता. अट ७५ टक्के हजेरीची. योजनेमागचा विचार फुल्यांच्या वळणाचा होता, ते चांगलंच होतं. पण मजुरी वाढली, तेलमीठ महागलं, आणि रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. तोही चौथीपर्यंत, म्हणजे घरकामाचा आणि लग्नाचा खरा फास आवळायला लागतो त्याच्या आधीच संपणारा. आणि जिची हजेरी घरच्या अडचणींमुळे ७५ टक्क्यांच्या खाली गेली, म्हणजे जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तीच अटीत नापास.

ऊसतोडीचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात, ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई फडात मोळ्या बांधते, तेव्हा कोपीवरच्या तान्ह्याला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची पोर हिशेबात कुठंच नसते, ना मुकादमाच्या वहीत, ना गावच्या हजेरीपटावर. महाराष्ट्रात सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. कागदावर त्यासाठी उपायही आहेत. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड आहे, मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे. पण वसतिगृह म्हणजे नुसतं दोन वेळचं जेवण असेल, रात्री झोपायला सुरक्षित खोली आणि राखायला बाई नसेल, तर वयात आलेल्या लेकीला कोण मागे ठेवील? मग एक तर ती फडावर जाते, नाही तर तिचं लग्न होतं. लग्न झालं की आणखी एक कोयता तयार.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, मग हजेरीची अटच काढून टाका. गरिबाच्या पोरीला कशाला छळता? मला हे पटत नाही. पुष्कळ घरांत 'बाई रागावतील', 'नाव कमी होईल', 'परीक्षेला बसू देणार नाहीत' एवढंच मुलीच्या हातातलं हत्यार असतं. बापाला, आजीला, प्रसंगी आईलाही 'आज मला जायलाच पाहिजे' असं ती त्या नियमाच्या जोरावर सांगू शकते. अट गेली तर तिचं घरी राहणं आणखी सोपं होईल, आणि शाळेला तर बरंच. कागदावरची मुलं काय करतात ते राज्यानं ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिलंच. नावं होती, मुलं नव्हती. खोटी हजेरी आणि हजेरीकडे काणाडोळा, दोन्हींत मुलगी घरीच राहते.

म्हणून प्रश्न सक्ती हवी की नको हा नाही. सक्ती कोणावर हवी, हा आहे. आणि याचं उत्तर कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात 'सक्तीचं शिक्षण' याचा अर्थ सरकारवरची सक्ती असा सांगितला आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची हमी सरकारनं घ्यायची. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. म्हणजे मुलगी गैरहजर राहिली तर खुलासा सरकारनं करायचा. प्रत्यक्षात खुलासा मागितला जातो तो आईकडे, आणि तोही ती मजुरी बुडवून शाळेत आली तर.

आपल्या गटांनी इथं हात घालायला हवा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत, असं हाच कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी त्या बायका सहीपुरत्या असतात. त्या सहीच्या आधी बैठकीत एक मागणी ठेवायची. सलग तीन दिवस न आलेल्या प्रत्येक मुलीच्या गैरहजेरीचं कारण लिहिलं जावं, आणि ते दर महिन्याला समितीपुढे वाचलं जावं, मुलीचं नाव न घेता. पाणी, संडास, धाकटं भावंड, एस.टी. चुकणं, वाटेवरची छेडछाड. कारणं एकदा कागदावर आली की ती कोणाच्या पोरीची खोड राहत नाहीत, गावाचा प्रश्न होतात. भावंडांसाठी शाळा बुडत असेल तर अंगणवाडीची वेळ वाढवा किंवा पाळणाघर द्या, ही मागणी ग्रामसभेत मांडता येते. वाटेवर टवाळकी होत असेल तर मुलीला घरी बसवायचं नाही, टवाळांना आवरायचं.

आणि आठवी-नववीतली मुलगी आठवडाभर दिसली नाही, तर वाट पाहत बसायचं नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. पुष्कळदा अशा लग्नाची पहिली खबर हजेरीपटावरच मिळते. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. त्याला लेखी कळवा, १०९८ वर फोन करा. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी मुलीचा हात सोडतो, नेमका तेव्हाच तो धरायला आपण असलं पाहिजे. कायद्याची ही मर्यादा अठरापर्यंत न्यावी, ही मागणीही आता जोरात लावून धरायला हवी.

आपल्या बैठकांतून बायकांना विचारून पाहा, तुझी शाळा का सुटली? 'मला नको होती' असं सांगणारी क्वचित भेटेल. तिच्या गैरहजेरीचं कारण तेव्हा कोणी लिहून ठेवलं नाही. तिच्या लेकीचं तरी लिहिलं गेलं पाहिजे, आणि त्या कारणाचा जाब शाळेला, ग्रामपंचायतीला आणि सरकारला द्यावा लागला पाहिजे.