मे महिन्यातलं करिअर

नोकरी गेलेल्या किंवा नोकरीला विटलेल्या माणसाला गावी गेल्यावर नवी दिशा सापडते, ही आपली सध्याची लाडकी गोष्ट आहे. पुरवण्यांत ती येते, दिवाळी अंकांत येते, रील्समध्ये तर रोज येते. कुणीतरी मोठं पॅकेज सोडलं, घरच्यांना भेटायला गावी गेला, पडवीत बसून चहा प्यायला, आणि त्याला एकदम कळलं. या गोष्टीवर माझा राग आहे. मीही त्या पडवीत बसलो होतो, म्हणून जरा जास्तच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्यातल्या आमच्या कंपनीनं आमची अख्खी टीम बंद केली. मे उजाडताच मी देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो, चुलतभावाकडे, चार दिवसांसाठी. खरं सांगायचं तर दिशा गावी पोचण्याआधीच सापडली होती. पहाटे एसटी घाट उतरायला लागली, खिडकीतून दमट वारा आला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मला वाटलं की आपलं आयुष्य इथेच होतं, आपण उगाच तिकडे गेलो. तिसऱ्या दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली. मांगर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी दोन खोल्या, परसात न्याहारीची सोय, आंबा दलालाला न देता पेट्या थेट पुण्याच्या सोसायट्यांत. नफ्याचे रकाने आखले. लोगोसुद्धा काढला.

रात्री जेवताना वही वाचून दाखवली. दादा जेवत राहिला. वहिनीनं एवढंच विचारलं, "आणि पाव्हण्यांची भांडी? ती कोण घासतला?"

दोनशे पानांत हा रकाना नव्हता.

त्यानंतर दोन दिवस दादा माझ्याशी कामापुरतं बोलला. निघायच्या आदल्या संध्याकाळी पेट्या भरताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाटणी व्हयी तर सरळ सांग."

मला वाटणी नको होती. पण त्यानं दुसरं काय समजायचं? आमच्या सातबारावर एकोणीस नावं आहेत. त्यातले पंधरा जण मुंबई-पुण्यात, एक आत्या बेळगावला. गावात राहून बाग राखतो एकटा दादा. त्या पंधरांपैकी कुणी वही-पेन घेऊन पडवीत बसलं, मांगराची मापं घ्यायला लागलं, तर कोकणातला कुठलाही शहाणा माणूस त्याचा अर्थ वाटणी असाच लावेल. मी ज्याला माझी नवी दिशा म्हणत होतो ते त्याचं चालू काम होतं, वीस वर्षांचं. आणि वहिनीचं तर त्याहून अवघड. तिचं नाव त्या एकोणीसांतही नाही, पण माझ्या आराखड्यातली न्याहारी, चादरी, भांडी, पाहुण्यांसमोरचं हसू, सगळं तिच्याच अंगावर होतं. बिनपगारी.

हे या गोष्टींमध्ये कधीच येत नाही. घरी परतलेला नायक सोलकढीचा पेला हातात धरून कॅमेऱ्याकडे बघतो. ती कढी केलेली बाई चौकटीच्या बाहेर असते. 'स्वदेस' आपल्याला एवढा आवडला त्याचं एक कारण मला अलीकडे कळलं. मोहन भार्गव ज्या गावात जातो तिथे त्याचं चुलत घराणं नाही, सामायिक जमीन नाही. तलाठ्याकडे न जाता तो विजेच्या मागे लागू शकतो.

दुसरी लबाडी मोसमाची. चाकरमानी मे महिन्यात येतो, म्हणजे बाग पैसे देत असते तेव्हा येतो. पावसाळ्यात रान काढणं, ऑगस्टच्या सुमारास झाडाच्या बुंध्याशी कल्टार घालणं, थंडी पडली की मोहर येतो का याची वाट बघणं, आला की तुडतुडा आणि फुलकिडे, मग एकामागून एक फवारण्या, औषध दुकानाची उधारी, दलालाची उचल, राखणीला आणि तोडणीला ठेवलेल्या नेपाळी गड्यांचा पगार, आणि एवढं करून फळ धरलं की वानरांची टोळी. वानरांना कंटाळून लोकांनी भाजीपाला लावायचं सोडलं आहे. यातलं मला मे महिन्यात काय दिसलं? वानर दिसलं. मी त्याचा फोटो काढला.

आता कुणी म्हणेल, मग काय, कुणी परतूच नये? वाड्यावाड्यांत घरांना कुलपं आहेत, गणपतीपुरती उघडतात. माणसं परत आलीच पाहिजेत. हे मला मान्य आहे. पण परत येणाऱ्यानं स्वप्न घेऊन यावं आणि राहिलेल्यांनी त्याला मनुष्यबळ पुरवावं, हा करार कुठे ठरला? येणाऱ्यानं आधी एक पावसाळा काढावा, आणि इथे काय अडलंय ते विचारावं.

मी विचारलं, पण उशिरा, फोनवर, ऑगस्टमध्ये. दादाचं जे अडलं होतं त्यात रील करण्यासारखं काही नव्हतं. सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद होत नव्हती. फळपीक विम्याचे कागद कळत नव्हते. भरपाई आपल्या बागेत काय झालं त्यावर ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, हे शेजारच्या वाडीतही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पेटीवर लावायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती राहिली होती. हे सगळं बसून करण्याचं काम होतं, आणि मी सतरा वर्षं बसूनच काम केलं होतं.

आज मी अकरा बागायतदारांचे कागद आणि हिशेब बघतो, बहुतेक पुण्यातूनच, दर महिन्याला आठवडाभर तिकडे जाऊन. मिळकत जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही, आणि बायकोची नोकरी नसती तर हा लेख मी लिहीत नसतो; अशा गोष्टींत बायकोच्या पगाराचा उल्लेखही का नसतो, हा आणखी एक प्रश्न. मांगर तसाच आहे. त्यात अढी घालतात. वहीची उरलेली पानं वहिनीनं गड्यांची हजेरी लिहायला घेतली.

सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. यंदा गणपतीला येतोय हे सांगायला फोन केला, तेव्हा दादानं आधी विचारलं, किती दिवस.