दाम पूर्ण, माल अपुरा

व्यापाराच्या पानावर कॉम्प्युटरच्या खेळांचा विषय पाहून आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. पोरांचा खेळ तो, त्याचा धंद्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु हा खेळ म्हणजे आज जगातला एक फार मोठा व्यापार आहे, आणि त्याचे गिऱ्हाईक गेली काही वर्षे विक्रेत्यांवर चिडून आहे. ते का चिडले हे ऐकले, तर भिवंडीच्या लूमवाल्याला किंवा कोल्हापूरच्या चप्पल कारागिराला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. तक्रार इतकीच आहे की पैसे आगाऊ आणि पुरते घेतले जातात, माल अपुरा हाती पडतो, आणि वर सांगितले जाते की थोडे थांबा, पुढे दुरुस्त करून देऊ.

आधी जुनी रीत पाहू. १९९० च्या दशकात खेळ फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर विकला जाई. खेळ तयार झाला, तपासून झाला, की त्याची मूळ प्रत छापणाऱ्या कारखान्यात जाई. 'खेळ सोन्याचा झाला' अशा अर्थाचा शब्दच त्या धंद्यात या टप्प्यासाठी आहे. एकदा लाखभर सीडी छापून खोक्यांत बंद होऊन दुकानात गेल्या की माल हातातून सुटला. मग खोट निघाली तर नाव जाणार, म्हणून तपासणीवर भर असे. खोक्यात सीडीबरोबर छापील माहितीपुस्तक असे, कधी नकाशाही असे. गिऱ्हाइकाला काहीतरी वजनदार वस्तू घेतल्याचे समाधान मिळे.

आणि वानगीची पद्धत होती. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या खेळाचा पहिला भाग त्याच्या कर्त्यांनी फुकट वाटला. घ्या, खेळा, मित्रालाही द्या. आवडला तर पैसे पाठवून पुढचे दोन भाग मागवा. धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवावेत, तसाच हा प्रकार. ज्याला आपल्या मालाची खात्री असते त्याला वानगी दाखवायला भीती वाटत नाही.

जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. १९९६ मध्ये आलेल्या 'डॅगरफॉल' नावाच्या खेळात इतक्या खोटी होत्या की दुरुस्तीमागून दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडचे म्हणाल, तर २००० च्या दशकात सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने 'व्हाइस सिटी' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेली पिढी आज चाळिशीकडे आली आहे आणि त्या दिवसांच्या आठवणी काढते. पण त्यातल्या कितीतरी सीडी रस्त्याकडेला घेतलेल्या चोरीच्या नकला होत्या, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा या आठवणींत बालपणाची गोडी किती आणि मालाची गोडी किती, याचा हिशेब कठीण आहे. तरी एक गोष्ट राहतेच. तेव्हा विकत घेतलेला खेळ पहिल्या दिवशी बहुधा पूर्ण असे, आणि तो घेणाऱ्याचाच असे.

मग बदलले काय? इंटरनेट आले. विकल्यानंतरही माल दुरुस्त करता येऊ लागला. या दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. सोय चांगली होती, पण सोयीची सवय झाली. पुढे दुरुस्त करता येतेच, तर आज तारीख कशाला चुकवायची? आर्थिक वर्ष संपत आले आहे, नाताळचा हंगाम तोंडावर आहे, शेअरवाले वाट पाहत आहेत. पाठवून द्या.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याला याचा त्रास सर्वांत जास्त होतो, त्यालाही कारण आहे. टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र, म्हणजे कन्सोल, एकाच घडणीचे असते. कॉम्प्युटर मात्र प्रत्येकाचा वेगळा. कोणाचे चित्राचे कार्ड जुने, कोणाचा प्रोसेसर नवा. एका मापाचे हजार शर्ट शिवणे वेगळे, आणि हजार मापांच्या अंगांना बसेल असा एकच शर्ट शिवणे वेगळे. त्यामुळे कन्सोलसाठी बनवलेला खेळ कॉम्प्युटरवर आणायचे काम पुष्कळदा बाहेर ठेक्यावर दिले जाते, आणि तिथे घोळ होतो.

२३ जून २०१५ रोजी 'बॅटमॅन : आर्कम नाइट' आला तो असाच. त्याचे कॉम्प्युटरसाठीचे काम दुसऱ्या कंपनीकडे दिलेले होते. चित्र अडखळे, खेळ मध्येच बंद पडे, वेगाला कुलूप घातलेले. एक-दोन दिवसांत वॉर्नर ब्रदर्सने कॉम्प्युटरवरची विक्रीच थांबवली. खेळ पुन्हा विक्रीस आला तो २८ ऑक्टोबरला, आणि तेव्हाही तक्रारी पुरत्या मिटल्या नव्हत्या. हवे त्याला पैसे परत देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली.

यातला एक योगायोग आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात घ्यावा. कॉम्प्युटरच्या खेळांची सर्वांत मोठी पेढी म्हणजे 'स्टीम'. ही पेढी २००३ पासून चालते, पण 'घेतलेला माल परत घेऊ' अशी सरसकट सोय तिने २ जून २०१५ ला सुरू केली, म्हणजे बॅटमॅनच्या फक्त तीन आठवडे आधी. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असेल, तर पैसे परत. परताव्याची सोय नसती तर विक्री इतक्या तातडीने थांबली असती का, याची आम्हाला शंका आहे. त्याआधीच्या परताव्याच्या अटींबद्दल ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच पेढीला कोर्टात खेचले होते, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. गोड बोलण्याने जे होत नाही ते गल्ल्यातून पैसे परत जाऊ लागले की होते.

पण दोन तासांची मुदतही पुरत नाही, हे पुढे दिसले. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग कॉम्प्युटरवर आला. सुरू करताच खेळ आधी चित्रांची तयारी करत बसे, आणि कित्येकांच्या कॉम्प्युटरवर ही तयारी तासाभराच्या पुढे चाले. परताव्याची मुदत अशी माल उघडण्यातच खर्ची पडे. दुकानदाराने म्हणावे की पुडके सोडायला लागलेला वेळही वापरात धरला जाईल, त्यातला हा प्रकार!

आता सर्वांत बोलके उदाहरण. पोलंडमध्ये १९९४ साली दोन तरुण मित्रांनी वॉर्सा शहरात 'सीडी प्रोजेक्ट' नावाने परदेशी खेळ आणून विकण्याचा धंदा सुरू केला. बाजार चोरीच्या सीडींनी भरलेला होता. अस्सल माल महाग, नक्कल स्वस्त. आपल्याकडच्या कोणत्याही दुकानदाराला ओळखीचे दुखणे. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा खेळ पोलिश भाषेत आणला आणि भावाच्या शर्यतीत न उतरता खोके भरले. त्यात पाच सीडी, माहितीपुस्तक, नकाशा, संगीताची वेगळी सीडी. नक्कल करणाऱ्याला हे सगळे देता येईना. पहिल्याच दिवशीच्या पुरवठ्यासाठी १८ हजार खोकी लागली आणि गोदाम अपुरे पडले. पुढे हेच लोक स्वतः खेळ बनवू लागले. २००८ मध्ये जुने खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून, कुलूप न लावता विकणारी 'गॉग' ही पेढी त्यांनीच काढली. २०१५ च्या 'विचर ३' ने तर त्यांची पत आभाळाला भिडवली.

आणि याच घराने १० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' विकला. त्या एका वर्षात तारीख तीनदा पुढे गेली होती. विसार देऊन बसलेल्यांची संख्या ८० लाखांवर होती. विक्रीपूर्वी परीक्षकांना खेळ दाखवला तो कॉम्प्युटरचा. जुन्या कन्सोलवरची प्रत, जिची अवस्था सर्वांत वाईट होती, ती आधी हातीच दिली नाही. परीक्षकांनी स्वतः घेतलेली चित्रेही सुरुवातीला दाखवायची नाहीत, अशी अट होती. वानगी एका पोत्यातली आणि माल दुसऱ्या पोत्यातला! आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून खेळ काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो पुन्हा ठेवला गेला जून २०२१ मध्ये. असे असूनही डिसेंबर २०२० अखेरपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या होत्या. म्हणजे नाव गेले, शेअरचा भाव पडला, पण गल्ला भरला.

यात कारागिरांना दोष देण्याची घाई कोणी करू नये. जादा कामाची सक्ती करणार नाही असे कंपनीने २०१९ मध्ये सांगितले होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कामगारांना आठवड्याचे सहा दिवस राबायला लावले. जानेवारी २०२१ मध्ये संस्थापकांपैकी एकाने जाहीर माफी मागितली, तेव्हा दोष काम करणाऱ्यांचा नसून निर्णय वरच्यांचा होता, हे त्याने मान्य केले. काम तयार नाही हे माग चालवणाऱ्याला सर्वांत आधी कळते. तारीख ठरवणारा मात्र दुसराच असतो.

आठवणींचाही धंदा होतो, आणि तिथेही हीच रीत शिरली. ब्लिझर्डचा २००२ सालचा 'वॉरक्राफ्ट ३' नव्या रंगरूपात येणार असे २०१८ मध्ये दाखवले गेले. जानेवारी २०२० मध्ये आला तेव्हा दाखवलेल्यातले बरेच गायब होते. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी जुना खेळ वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतला होता त्यांच्यावरही नवीनच सांगाडा लादला गेला आणि जुन्या सोयी गेल्या. घरातले जुने, चालते शिलाई मशीन कंपनीचा माणूस येऊन बदलून गेला, असे समजा. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'व्हाइस सिटी'सह तीन जुन्या खेळांचा नवा संच आला. माणसांचे चेहरे बिघडलेले, पावसात पुढचे दिसेना, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा चुकलेली. हा संच येण्याआधीच जुने खेळ विक्रीतून काढून टाकले होते, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नको. ओरड झाली तेव्हा रॉकस्टार कंपनीने माफी मागून जुने खेळ आपल्या दुकानात परत ठेवले.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१४ मध्ये विकलेला 'द क्रू' हा मोटारींचा खेळ यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद केला. खेळ कंपनीच्या दूरच्या यंत्रावर अवलंबून होता. ते बंद, की पैसे देऊन घेतलेला खेळही बंद. याविरुद्ध रॉस स्कॉट नावाच्या गृहस्थांनी मोहीम उभारली आणि युरोपीय संघाकडे पाठवायच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या आरंभापासून कायदाच आहे की वापराचा केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, नुसते 'खरेदी' म्हणू नका. विक्री आणि भाडे यांतला फरक आपल्या बाजारात शेंबड्या पोरालाही कळतो. तिथे त्यासाठी कायदा करावा लागला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मोठा खेळ बनवायला आज शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात, आणि भाव मात्र फारसा वाढलेला नाही. साठ डॉलरचा सत्तर झाला तोही २०२० च्या सुमारास. हे खरे आहे. पण अपुरा माल विकण्याचाही प्रामाणिक मार्ग आहे. 'माइनक्राफ्ट' पाहा. २०१० मध्ये तो अपुरा असताना अपुरा म्हणूनच विकला गेला, आणि भाव ठेवला होता ९.९५ युरो, म्हणजे पूर्ण भावाच्या निम्मा. काम पुढे गेले तसा भाव १४.९५ झाला आणि पूर्ण झाल्यावर १९.९५. जो अपुऱ्या मालावर विश्वास टाकतो त्याला स्वस्त, हा सरळ हिशेब त्यात होता.

इतर कंपन्यांत हा हिशेब उलटा चालतो. जो आगाऊ नोंदणी करतो, पहिल्या दिवशी घेतो, तो सर्वांत जास्त पैसे मोजून सर्वांत वाईट माल घेतो. जो दोन वर्षे थांबतो त्याला तोच खेळ दुरुस्त होऊन कमी भावात मिळतो. सायबरपंकची मोठी दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तोवर त्याचा भाव सवलतीत कितीदा तरी उतरून गेला होता. आणि आगाऊ नोंदणी तरी कशासाठी? खोक्यांच्या दिवसांत दुकानातला माल संपायची भीती असे. इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा खेळ कधी संपत नाही. तेव्हा घरातल्या मुलाने अशा नोंदणीसाठी पैसे मागितले, तर रागावण्याआधी त्याला इतकेच विचारावे की ही वस्तू पुढच्या महिन्यात दुकानात नसेल का?